पिवळ्यावर तपकिरी

सोमवार, ३ मार्च

भिंगरे,

तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून आधीच सांगून ठेवते. बुटकी, काळी, पदराला चार टाचण्या खोचलेली, बोलायला लागली की घड्याळाला दमवणारी. आठवली का? नसेल आठवली तर तुझा दोष नाही, तुझं डोकं पहिल्यापासून गळकं. दुसरीत असताना एका पायात बूट घालून घरी आली होतीस आणि दुसरा कुठे राहिला ते तुला जेवायला बसल्यावर आठवलं. पण तो बूट होता. मी बूट नाही, आणि अकरा वर्षं म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंतचा उशीर नाही.

अक्षर बघून चक्रावू नकोस. मला लिहिता येत नाही ते तसंच आहे. खालच्या मजल्यावर एक बाई शिलाईचं दुकान चालवते, तू गेल्यावर आली, ती लिहून देते आहे. मी बोलेन तसंच लिहायचं असं आमचं ठरलंय. पण ती मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघते, आणि ते बघणं मला टोचतं. तुझ्या आईकडून लिहून घेतलं असतं, पण तिला पत्रातल्या चुका सुधारता सुधारता माणूस सुधारायची सवय आहे. शिवाय तुम्ही मायलेकी फोनवर बोलत असता आणि मी खोलीत आले की तुझी आई "बरं, ठेवते" म्हणते. मला कळत नाही असं त्या दोघांना वाटतं, तिला आणि तुझ्या बापाला. तुझा पत्ता शिलाईवालीने तुझ्या आईच्या डायरीतून उतरवून घेतला, ती चहा ठेवायला गेली तेवढ्यात. म्हणजे पत्ता चोरीचा आहे. बोलू नकोस कुठे.

आता बातमी. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सोडली आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल तर दवाखान्याची भिंत. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, रंग कधी दिला? त्या म्हणाल्या, आजी, ही भिंत पांढरीच आहे, पहिल्यापासून. घरी आले तर आपली किटली निळी. मी तिला इतकी वर्षं राखी समजत होते. डावा डोळा अजून जुना आहे, त्याची पाळी बावीस एप्रिलला. तोवर माझ्याकडे दोन जगं आहेत. उजवा झाकला की सगळ्यावर चहा सांडलेला, डावा झाकला की धुऊन वाळत घातलेलं. दिवसभर मी एकदा हा, एकदा तो डोळा झाकत बसते. तुझ्या बापाला वाटलं मला झटका आला.

तर असाच खेळ करताना दाराकडे बघितलं. तुझं जाकीट अजून दारामागच्या खुंटीवर आहे.

कुठलं ते तुला सांगायला नको, पण शिलाईवालीला सांगायला हवं, नाहीतर तिचा हात चालणार नाही. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. सुट्टीभर बेकरीत उभी राहून काम केलंस आणि पहिल्या पगारातून पिवळं जाकीट आणलंस. मी म्हटलं, सावळ्या माणसाला पिवळा शोभत नाही. तू म्हणालीस, मला आवडतो. दुसऱ्या दिवशी तू घरात नसताना मी ते माझ्या रंगाईच्या कारखान्यात नेलं, तपकिरी करून आणलं, इस्त्री केली आणि खुंटीला लावलं. तू आलीस, बघितलंस, हात लावला नाहीस. महिन्याभरात वसतिगृहात गेलीस, मग नोकरीला त्या लांबच्या गावी, आणि झालं.

आता नीट ऐक. परवा मी बाजारातून पिवळा रुमाल मागवला आणि जुन्या डोळ्याने बघितला. चिखल. नव्या डोळ्याने बघितला तर असा की हात लावावा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू एका दिवसात येत नाही, वर्षानुवर्षं साचतो. म्हणजे तेव्हा मी तुझं जाकीट चिखल म्हणून बघत होते. दोष डोळ्याचा होता. माझ्या नजरेत काही नव्हतं, नजरेवर होतं. एरवी माझ्यासारख्या बाईच्या हातून असं होतं का? बेचाळीस वर्षं मी तिथे छटा जुळवल्या. गिऱ्हाईक नमुना घेऊन यायचं, मी उत्तरेच्या खिडकीशी धरून सांगायची, निळा चिमूटभर वाढवा, लाल आवरा. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या हातचा एक लॉट परत आला नाही, विचार कुणालाही.

तर आता मी ते तपकिरी उतरवणार आहे. चढवला तो मी, उतरवणारही मीच. ठरलं.

तुझी आजी

मंगळवार, ११ मार्च

भिंगरे,

उत्तर नाही. आठ दिवस तर टपालालाच लागतात असं शिलाईवाली म्हणते. ती भली बाई आहे, तिचं म्हणणं मी मान्य केल्याचं दाखवते.

कारखान्यात जाऊन आले. बारा वर्षांपूर्वी जो माझ्या हाताखाली बादल्या धुवायचा तो आता मुकादम आहे. पोट असं सुटलंय की टाकीत वाकून बघताना आधी ते पोचतं. तरी मला बघितल्यावर तोंडातला विडीचा तुकडा पटकन टाकला, तेवढा वचक अजून आहे. जाकीट दाखवलं, काय करायचं ते सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, चढवलेला उतरवताना कापड रडतं. ते तुम्हीच मला शिकवलंत." मी म्हटलं, मी शिकवलं ना, मग मला नको शिकवूस, पाणी तापव.

गरम पाण्यात रंग उतरवायची पावडर टाकतात, तिचा वास नासक्या अंड्यांचा. पहिल्या पाचच मिनिटांत पाणी तपकिरी झालं. मला बरं वाटलं. जाकीट बरंचसं फिकट झालं.

(शिलाईवालीने लेखणी खाली ठेवलीय. म्हणते, ते जाकीट काल तुम्ही माझ्या दुकानात आणलं होतं आजी, मी बघितलंय.)

बरं. फिकट म्हणजे पावसात भिजलेल्या खोक्याचा रंग झाला, आणि तोही ठिकठिकाणी वेगळा. पिवळा खाली कुठेच नव्हता. मला वाटलं होतं तपकिरीच्या खाली तो तसाच झोपलेला असेल, चादर काढली की उठेल. मी, बेचाळीस वर्षं मुरलेली रंगारीण, मला असं वाटलं. तपकिरीबरोबर तोही निघून गेला. आणि पिळताना उजवी बाही खांद्यातून हातात आली. मुकादम भिंतीकडे बघत राहिला. मीही भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही.

पण मी थांबले नाही. तू मला ओळखतेस, निदान ओळखत होतीस. जुनं होत नाही तर नवं करायचं. पांढरं जाड सुती कापड आणलं आणि मुकादमाकडून त्याची छोटी टाकी सकाळच्या दोन तासांसाठी मागून घेतली. नमुना लागणार होता, तो माझ्या वहीत होता. मला अक्षरं येत नसली तरी वही आहे, हे तुला माहीत आहे. कुठलंही कापड टाकीत सोडण्याआधी आणि काढल्यावर अंगठ्याएवढा तुकडा कापायचा, पानावर चिकटवायचा, आणि शेजारी दोरा टाचायचा. दोऱ्याला गाठी, जितक्या गाठी तितकी मापं रंग. सगळ्या वहीत एक अक्षर नाही आणि तरी मी तुला पंचवीस वर्षांपूर्वीचा कुठलाही निळा परत करून देईन. तुझ्या जाकिटाचा तुकडाही त्यात आहे. आतल्या शिवणीतून कापलेला, पिवळा, तसाच.

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी हिरव्याकडे झुकला, दुसऱ्या दिवशी नारिंगी झाला. तिसरा झाला. पत्राला तीन धागे टाचलेत, तिसऱ्याकडे बघ. तुकड्याशी धरला तर कुठला कुठे संपतो ते कळत नाही. मुकादमाने हात जोडले. मी म्हटलं, हात जोडू नकोस, टाकी घास.

आता शिलाईवाली त्याचा कोट शिवते आहे. मापं अकरा वर्षांपूर्वीची, माझ्या बोटांना पाठ आहेत. तू जाडी झाली असशील तर कळव. बारीक झाली असशील तर कळवू नकोस, मला काळजी लागेल.

आजी

बुधवार, १९ मार्च

भिंगरे,

हे पत्र मी दोन दिवस लिहवून घ्यायचं टाळलं. शिलाईवाली दुकानात बसून वाट बघत होती आणि मी जिन्यात पायावर पाय टाकून वाट बघू देत होते.

काय झालं ते सांगते. ती कोट शिवत होती, मी शेजारी बसून कौतुक करून घेत होते, कारखान्याच्या गोष्टी सांगत होते. शेवटच्या दिवसापर्यंत एक लॉट परत आला नाही, हे मी परत सांगितलं असणार. तिने सुई तशीच धरून विचारलं, तुम्ही काम कधी सोडलंत? मी म्हटलं, भिंगरी गेली त्यानंतर वर्षाने. ती म्हणाली, "मग त्या वर्षी डोळा चांगला होता, आजी."

असं. एवढंच बोलली आणि दोरा तोडला. मी तिला म्हटलं, तुझी शिवण वाकडी चाललीय. शिवण सरळ होती.

डोळा चांगला होता, भिंगरे. मोतीबिंदू नंतर आला. डॉक्टरीणबाई वर्षानुवर्षं म्हणाल्या ते खरं, पण किती वर्षं ते मी त्यांना विचारलंच नाही, कारण उत्तर नको होतं. इतकी सोयीची सबब डोळ्यात घालून दवाखान्यातून घरी आले होते, ती काढून कोण टाकणार.

आणि मोतीबिंदू असता तरी काय, तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तर नक्की नव्हता. तुझ्या आईने तुला पिवळा झगा शिवला होता, गुडघ्यापर्यंत, खिशावर बदक. तू तो घालून माझ्यासमोर गरगरा फिरलीस, तेव्हापासून तर तू भिंगरी. आणि मी म्हटलं, कोळशाच्या गोणीला पिवळी फीत बांधल्यासारखी दिसतेस. सगळे हसले. तूही हसलीस, कारण सगळे हसत होते. मग आत जाऊन झगा बदलून आलीस. कुणी सांगितलं नव्हतं बदलायला.

ते वाक्य माझं नव्हे. मी या घरात नवीन आले तेव्हा माझ्या अंगावर पिवळं पोलकं होतं, माझ्या हाताने रंगवलेलं. माझ्या सासूबाईंनी मला नखशिखांत बघितलं आणि हेच म्हणाल्या, कोळशाची गोणी, पिवळी फीत. फीतसुद्धा तीच. मी ते पोलकं बोहारणीला देऊन टाकलं आणि पुढे अख्खा जन्म तपकिरी, करडा, गडद हिरवा नेसले-ल्याले. मी रोज शंभर रंग हाताळणारी बाई. घरी येताना त्यातला एकही अंगावर आणला नाही. आणि मग मी तो नियम झाले. कोण लग्नाला काय घालणार, कोणाला काय खुलतं, सगळे मलाच विचारायला यायचे. मीही सांगायची, आणि अशी सांगायची की जणू ते तराजूत तोललेलं आहे. गोऱ्यांना हवं ते. आपल्याला मातीचे रंग.

आता जे राहिलं ते. त्या दिवशी जाकीट कारखान्यात नेलं, नेहमीसारखा तुकडा कापला आणि उत्तरेच्या खिडकीशी धरला. सकाळची वेळ होती, उजेड एकसारखा. मी बेचाळीस वर्षांत इतका स्वच्छ पिवळा बघितला नव्हता. मी बराच वेळ धरून उभी राहिले. आणि आदल्या संध्याकाळी तू तो घालून दारात उभी होतीस ते मला दिसलं. तुला तो शोभत होता. शिलाईवाले, हे नीट लिही, दोनदा लिही हवं तर. तुला तो शोभत होता, आणि ते मी दारातच बघितलं होतं.

मग का रंगवलं? तू दारात उभी राहिलीस आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर माझं पोलकं. तुला शोभतो, तर मलाही शोभला असता. तर मी चाळीस वर्षं कोणाचं ऐकलं? इतकं एका संध्याकाळी मानायची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा जाकीट टाकीत बुडवणं सोपं होतं. काठीने खाली दाबत होते तेव्हा बाह्यांमध्ये हवा भरून त्या सारख्या वर येत होत्या. मी दाबत राहिले.

माफ कर असं मी लिहवून घेणार नाही. ते दुसऱ्याच्या अक्षरात बरं दिसत नाही. पण झालं ते असं झालं, आणि ते मी केलं, डोळ्याने नाही.

कोट तयार झालाय. फक्त बटणं राहिलीत, मनासारखी मिळाली की पाठवते.

आजी

बुधवार, २ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून शिलाईवालीने घेतलं आणि जिना असा चढली की मला वाटलं खाली आग लागली.

तिने मला तीनदा वाचून दाखवलं. तुला तुझं पत्र पाठ नसेल, तुझं डोकं मला माहीत आहे, म्हणून परत सांगते काय लिहिलं होतंस. "आजी, तिन्ही पत्रं मिळाली. तिसरं दोनदा वाचलं. कोट पाठवू नकोस. मी पिवळा घालत नाही. करडा घालते, काळा घालते, कधी पांढरा. तुझ्यामुळे नाही आणि तुझ्यावर राग म्हणूनही नाही. मला आवडतात. डाव्या डोळ्याच्या वेळी सोबत कोण आहे?"

खोटं कशाला बोलू, मी भरल्या ताटावरून उठले. तुझी आई म्हणाली, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे, अपमान झालाय. तीन दिवस टाकीवर उभी राहिले, गुडघे सुजले, आणि बाईसाहेबांना करडा आवडतो. मी शिलाईवालीला लगेच उत्तर सांगायला बसले. करड्याबद्दल एक वाक्य सांगितलं. ते या कागदावर नाही, पण वरती शाईचा डाग दिसेल तो त्याचाच. तिने लिहिता लिहिता थांबून मला ते परत मोठ्याने वाचून दाखवलं. मग मी म्हटलं, खोड.

पुन्हा तेच करत होते ना मी. आधी तुला पिवळा नको हे मी ठरवलं, मग तुला पिवळा हवा हेही मीच ठरवलं. मापंसुद्धा जुनीच घेतली. सतरा वर्षांची मुलगी खुंटीला टांगून ठेवली होती आणि तिच्यासाठी कोट शिवत होते. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, हे मला आकड्यात माहीत होतं.

तर कोट पाठवत नाही.

आता त्याचं काय करायचं, तर शिलाईवाली म्हणाली, उसवून पिशव्या करू. मी म्हटलं, माप घे. कोणाचं? माझं. तिने खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, खालून वीतभर दुमडलं. मी त्यात कशी दिसते ते मला आरशात कळेना, उजव्या डोळ्याला एक दिसे, डाव्याला दुसरं. म्हणून आरशाला विचारणं सोडलं आणि बाहेर पडले.

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आजी, आज लांबूनच दिसलात. मी म्हटलं, अडतीस वर्षं जवळ येऊनही दिसत नव्हते, थेंबाची बाटली दे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी नाक असं मुरडलं की चष्मा हलला. या वयात, म्हणाल्या, आणि हा रंग. मी म्हटलं, वय माझं, रंगही मीच केलेला, तुमचं यात काय खर्च झालं? त्यांनी वाट दिली. तुझ्या आईने दार उघडलं आणि कोटाची बाही चिमटीत धरून बघितली. मग म्हणाली, "तिचा रंग." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." तिने बदकाचा झगा अजून ठेवलाय. मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी हसणाऱ्यांत ती नव्हती.

पण मला मत हवं होतं जाणत्याचं. म्हणून कारखान्यात गेले, उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिले आणि मुकादमाला म्हटलं, गिऱ्हाईक समज आणि सांग. तो डोकं खाजवत राहिला. म्हटलं, खरं सांग, नाहीतर कान धरीन. तो म्हणाला, "मावशी, रागावू नका, यात तुम्ही जास्तच काळ्या दिसता."

मी हसायलाच लागले. त्याला काही कळेना. अरे, दिसते म्हणजे काय, आहेच मी काळी. सगळा नियम एवढाच होता, भिंगरे. शोभतो म्हणजे आपण आहोत त्याहून उजळ दिसतो, आणि शोभत नाही म्हणजे आपण आहोत तेवढ्या दिसतो. बेचाळीस वर्षं छटा जुळवल्या आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. नमुना जसा आहे तसा दिसावा यासाठी तर आम्ही त्या खिडकीशी जायचो.

मी कोट काढला नाही. तसाच घालून घरी आले. रोज घालते. उकडतं, तरी घालते.

तुझ्या करड्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. हे वाक्य सांगायला मला किती जड गेलं ते शिलाईवालीला विचार.

सोबत तुझा बाप आहे. तो दवाखान्यात पाय ठेवला की फिका पडतो, पण आहे.

आजी

मंगळवार, १५ एप्रिल

भिंगरे,

तुझं दुसरं पत्र मिळालं. या वेळी तुझ्या आईनेच वाचून दाखवलं. तिला सगळं कळलंय, पत्त्याच्या चोरीसकट. शिलाईवालीला तिने आधी फैलावर घेतलं आणि मग चहाला थांबवून घेतलं. आता दोघी मिळून माझ्यावर लक्ष ठेवतात. हे पत्र शिलाईवाली लिहिते आहे आणि तुझी आई पलीकडे भाजी निवडत ऐकते आहे, तेव्हा जपून बोलते.

तू लिहिलंस, इतक्यात घरी येणं जमेलसं वाटत नाही, त्या दाराशी उभं राहायचं म्हटलं की तिकीट काढायचं राहून जातं. ते वाचताना तुझ्या आईची ओळ चुकली. माझी चुकली नाही, मी मुळी वाचतच नव्हते. नको येऊस. जेव्हा जमेल तेव्हा. नाही जमलं तर नाही. मी ते दार नाही, पण त्याच्याजवळ उभी राहिलेली बाई मीच, हे मला कळतं. तुला यायला लावण्यासाठी डोळ्याचं निमित्त पुढे करणार नाही, एकदा डोळ्याचं निमित्त केलं तेवढं पुरे.

खुंटी काढून टाकली. तुझ्या बापाने भिंतीतलं भोक बुजवलं, पण पांढऱ्याऐवजी पिवळसर काहीतरी भरलं, माझ्या उजव्या डोळ्याला इथून दिसतंय. मी त्याला काही बोलले नाही. बाही निघालेलं जाकीट मी फेकलं नाही, ठेवलं आहे. ते तुझं आहे. त्याचं काय करायचं ते तू सांगशील, नाही सांगितलंस तरी चालेल.

आणखी एक. कारखान्यातल्या दोन पोरी काल घरी आल्या, छटा बघायला शिकतायत म्हणे, मुकादमाने पाठवल्या. वही मागायला. मी वही दिली, गाठी कशा मोजायच्या ते शिकवलं. त्यातली एक सावळी होती, अगदी आपल्यासारखी. जाताना तिने विचारलं, आजी, मला कुठला रंग शोभेल? जिभेवर आलं होतं, बघ. पन्नास वर्षांची सवय, तोंड उघडलं की बाहेर. मी तोंड मिटलं. मग तिला म्हटलं, तुला कुठला आवडतो? तिला ते पटकन सांगता येईना. कोणी विचारलंच नसणार. मी म्हटलं, विचार करून ये, घाई नाही. आता येईल ती पुढच्या आठवड्यात आणि मी एक डोळा बांधून बसलेली असेन.

तू विचारलंस, ऑपरेशननंतर काय लागेल, ते पाठवते. थेंब आहेत. पट्टी आहे. काळा चष्मा आहे, मास्तरीणबाईंनी त्यांचा दिला, स्वतःहून, मी तोंडात बोट घातलं. उशी तुझी आई देते आहे. तेव्हा या सगळ्यातलं काही नको.

पण खायला पाठव. रंगाचं तुझं तू बघायचंस, मी मध्ये येणार नाही. खाण्याचं मात्र मीच सांगणार, तेवढा हक्क मी सोडलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर काही कडक चावायला मनाई केली आहे, म्हणून सुके अंजीर पाठव. दोरीत ओवलेले नकोत, त्यांची मधली भोकं कडक होतात. मऊ बघून घे, बोटाने दाबून, दुकानदाराने डोळे वटारले तरी. वरचा थर तो मुद्दाम मांडतो, खालचे माग. किलोभर घे, कारण अर्धे तुझी आई खाईल, ती ऐकते आहे तरी सांगते. पोस्टाने पाठवलेस तर पत्र्याच्या डब्यात घाल आणि थरांमध्ये कागद ठेव. हाताने आणलेस तर कागदी पिशवी पुरे.

आजी